हळद लागलेलं कच्चं

जुनी सवय हातानं पाळली, आणि शालिग्रामच्या नकळत घोटाळा झाला.

झालं ते एवढंच. धनजच्या रस्त्याला मळे असलेल्या अकरा कुटुंबांनी भाजी थेट शहरात पाठवण्यासाठी एक गट केला होता आणि गटाला वेबसाइट हवी होती. शालिग्रामनं तिचा नमुना केला. पहिलं पान, भाज्यांचं पान, आणि ‘आमच्याबद्दल’ नावाचं पान. तिन्ही पानं त्यानं एका मोठ्या जाड कागदावर रंगीत छापून घेतली, कारण गटाचे अध्यक्ष उत्तमराव यांना पडद्यावरचं नीट दिसत नसे, आणि दिसलं तरी हातात धरल्याशिवाय त्यांना कुठलीच गोष्ट खरी वाटत नसे. कागद छापून आला. शालिग्रामनं कडा तपासल्या, टेबलाचा खण उघडला, हळदीची डबी काढली, बोट बुडवलं आणि चारी कोपऱ्यांना एकेक ठिपका लावला. मग कागद गुंडाळून तो कारंज्याहून मोटरसायकलनं निघाला. आपण काय केलं हे त्याला रस्ताभर आठवलंही नाही.

ती डबी खणात काय करत होती, हे सांगायला थोडं मागं जावं लागेल.

शालिग्राम मूळचा इंझोरीचा. वडील गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. आई त्याला घेऊन कारंज्याला आली. एकोणिसाव्या वर्षी तो बसस्टँडमागच्या गल्लीत बबनरावांच्या छापखान्यात लागला. तिथं मुख्य काम लग्नपत्रिकांचं. पोहरादेवीच्या यात्रेचे फलक, शाळेच्या प्रगतिपुस्तकांची कव्हरं हेही असे, पण घर चालायचं ते पत्रिकांवर. बबनरावांचा एक नियम होता. गिऱ्हाइकाला आधी दाखवायचं ते ‘कच्चं’. साधा पांढरा कागद, काळी शाई, सोबत लाल पेन. कच्च्यावर गिऱ्हाइकानं हवं ते खोडावं, हवा तो मामा घालावा, नको तो आत्या-मावशीचा यजमान काढावा. एकदा सगळं ठरून छपाई झाली की पहिली प्रत बबनराव स्वतः हळद लावून द्यायचे. ती देवाची. तिच्यात मग काना-मात्राही हलत नसे.

एकदा ‘शुभविवाह’चा ‘शुभविवाद’ झाला. कुणाच्या लक्षात येईपर्यंत देवाची प्रत कुलदैवतापुढं जाऊन बसली होती. मुलीच्या बापानं दोन दिवस विचार केला आणि चारशे पत्रिका तशाच वाटल्या. ते जोडपं नांदतंय, आणि विवादही करतंय म्हणतात.

पुढं बबनराव थकले. त्यांना हळद लावायचा कंटाळा येऊ लागला, मग ते काम शालिग्रामकडं आलं. मग मोबाइलवरच्या पत्रिका आल्या, मग बावीस वर्षांनी छापखाना मिटला. शालिग्राम तोवर चाळिशी ओलांडलेला. अक्षरं जुळवण्यापलीकडं त्याला काही येत नव्हतं. त्यानं व्हिडिओ पाहून, अमरावतीला सहा महिने जाऊन-येऊन वेबसाइटचं काम शिकून घेतलं. त्याच गल्लीत एक खोली घेतली. छापखान्यातून त्यानं तीन गोष्टी उचलून आणल्या होत्या. एक लाकडी पट्टी, एक भिंग आणि हळदीची डबी. पहिल्या दोन लागायच्या. तिसरी का आणली, हे त्याला सांगता आलं नसतं.

आता ज्याला सगळे मॉकअप म्हणत त्याला तो कच्चंच म्हणे, आणि ते एरवी पडद्यावरच दाखवी. आणि कच्च्याची अडचण इथंही तीच होती. गिऱ्हाइकाला चित्र लगेच हवं असतं, मजकूर तो ‘नंतर देतो’. सुरुवातीला शालिग्राम जगभर वापरतात ती निरर्थक परकी अक्षरं भरून पानं दाखवायचा. एका शिकवणीच्या मास्तरांनी ती पाहिली, बराच वेळ पाहिली आणि समाधानानं म्हणाले की इंग्रजी जोरदार आहे, असंच राहू द्या. तेव्हापासून त्यानं ते सोडलं. मग ‘इथे मजकूर येईल’, ‘इथे नाव येईल’ असं लिहून पाहिलं. त्यातलं दुसरं वाक्य त्याला टाइप करवेना. चौकट रिकामी, आणि खाली हे वाक्य. ते वाचलं की त्याला स्वतःच्या लग्नाची पत्रिका आठवायची.

ती त्यानंच जुळवली होती. निमंत्रकांत थोरले काका, धाकटे काका, दोन मामा. वरती वडिलांचं नाव, त्याच्या आधी ‘कै.’. आईचं, चतुराबाईंचं, नाव कुठंच नव्हतं. विधवेचं नाव शुभकार्याच्या कागदावर घालत नाहीत, असं काकांनी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच पडली नव्हती. तोवर शालिग्रामनं शेकडो पत्रिका जुळवल्या होत्या आणि शेकडो वेळा असं एकेक नाव स्वतःच वगळलं होतं. आपलीही त्यानं तशीच जुळवली. पत्रिका घरी आणली तेव्हा आईनं हात पुसून ती घेतली. तिला वाचता येत नव्हतं. तिनं विचारलं, यात माझं कुठं आहे? शालिग्रामचं बोट कागदावर फिरलं आणि एका शब्दावर थांबलं. हे, तो म्हणाला.

तो शब्द ‘आप्तेष्ट’ होता.

चार वर्षांपूर्वी ती गेली. तिच्या पेटीत पत्रिका सापडली. सोनेरी अक्षरं सगळी शाबूत होती. त्या एका शब्दावरची शाई तेवढी बोट फिरून फिरून पांढुरकी झाली होती.

त्यानंतरच्या प्रत्येक कच्च्यात नाव भरायची वेळ आली की शालिग्राम तिचं नाव भरू लागला. दातांच्या दवाखान्याच्या पानावर ती बरी झालेली रुग्ण होती. सोनाराच्या पानावर समाधानी ग्राहक. विमा विकणाऱ्याच्या पानावर तर ती संचालक मंडळात होती. गिऱ्हाईक खरी नावं पाठवी आणि तो तिचं नाव खोडून ती घाली. सोळा कच्च्यांत ती आली आणि सोळाही वेळा गेली. याचा हिशेब त्यानं कुणाला दिला नव्हता. कच्च्यात काहीही लिहिलेलं चालतं, कारण ते राहायचं नसतं. एवढाच त्याला त्याचा आधार होता.

भाजीच्या गटाचं काम आलं तेव्हा मात्र हात जरा जास्त चालला. ‘आमच्याबद्दल’च्या पानावर दोनशे शब्दांची जागा होती. गटाकडून एक ओळ आली नव्हती. शालिग्राम बसला आणि त्यानं लिहिलं, की हा मळा चतुराबाईंनी सुरू केला. त्या मेथीच्या जुड्या केळीच्या खोडाच्या सोपटानं बांधत, सुतळीनं बांधत नसत, कारण सुतळी पानाला कापते. टोपलीवर ओलं फडकं टाकत आणि ते दर तासाला उलटत. बाजारात त्यांची जागा एका चपट्या दगडावरून ओळखली जाई. बाजार उठला तरी दगड तिथंच राही, आणि दुसऱ्या कुणी त्यावर बसत नसे. सांबाराची जुडी त्या शेवटी विकत, कारण वासानं गिऱ्हाईक थांबतं.

मळा सोडून सगळं खरं होतं.

त्या दिवशी तो कागद घेऊन पोहोचला तेव्हा उत्तमराव आणि त्यांचा मुलगा स्वप्निल दोघंही बाहेर गेले होते. उत्तमरावांच्या पत्नी हौसाबाई मळ्यातल्या शेडमध्ये वांगी निवडत होत्या. शालिग्रामनं कागद त्यांच्या हाती दिला, सवडीनं बघून सांगा म्हणाला आणि परत आला. हे कच्चं आहे, बदल सांगा, हे त्यानं संध्याकाळी स्वप्निलला फोनवर सांगितलं. हौसाबाईंना सांगायचं राहिलं.

हौसाबाईंनी कागद उलगडला. चारी कोपऱ्यांना हळद पाहिली. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या, वाचायला वेळ लागे. पण पहिल्या प्रतीचं काय करायचं ते त्यांना वाचल्याशिवायही कळत होतं. त्यांनी कागद देवघरात नेला, कुंकू वाहिलं, खोबऱ्याचा तुकडा ठेवला. मग पुढचे दोन दिवस रोज पूजा झाल्यावर तिथंच बसून बोट ठेवत ठेवत त्या तो वाचत राहिल्या.

चार दिवसांनी स्वप्निलचा फोन आला, या म्हणून.

शेडमध्ये चटई टाकली होती. उत्तमराव खुर्चीवर, गटातली दोघं-तिघं खाली, हौसाबाई जरा बाजूला मेथीच्या ढिगापाशी. कागद समोर नव्हता. स्वप्निलनं त्याचा फोटो मोबाइलवर काढून ठेवला होता आणि त्यावरूनच तो बोलत होता. शिकलेला, चटपटीत मुलगा. त्याला बटणं आणखी हिरवी हवी होती, फोन नंबर वर हवा होता. भाज्यांच्या पानावरचं सांबार काढून कोथिंबीर करा म्हणाला.

“पुन्यातल्या लोकाईले वाटन, हे इडलीसंगचं सांबार विकून राह्यले.”

सगळे हसले. शालिग्रामही हसला, वहीत लिहून घेतलं. बदल लिहून घेताना त्याला नेहमी बरं वाटे. छापखान्यातल्या लाल पेनासारखं. कुणीतरी आपलं काम नीट पाहिलंय, असं.

मग स्वप्निल ‘आमच्याबद्दल’वर आला. म्हणाला, मजकूर एकदम भारी आहे, लोकांना अशीच गोष्ट हवी असते, एका अक्षराला हात लावू नका. फक्त नाव बदला. चतुराबाईच्या जागी हौसाबाई टाका, आईचा मेथीबरोबरचा फोटो मी पाठवतो. उत्तमरावांनी मान हलवली. गटातल्या एकानं, जुळते बाप्पा, हे नाव एका अक्षरानं लहानच हाये, असं म्हणून कामाचा निकालही लावला.

शालिग्रामचं पेन थांबलं. हे तर नेहमीचंच होतं. सोळा वेळा त्यानं हेच केलं होतं, एका क्षणाचं काम. पण आजवर नाव गेलं की सगळं जाई, कारण नावापलीकडं तिथं काही नसे. आता नाव जाणार होतं आणि सोपट राहणार होतं, फडकं राहणार होतं, दगड राहणार होता. दगडावर दुसरं कुणी बसणार होतं. पत्रिकेत त्यानं आईला दुसऱ्याचा शब्द दाखवला होता. इथं त्याला आईचे शब्द दुसऱ्याला द्यायचे होते. आणि नाही म्हणायला त्याच्याकडं कारण नव्हतं. त्या जागी खरं काय होतं, हे त्यानंच कुणाला सांगितलं नव्हतं.

त्यानं वहीत ‘हौसाबाई’ एवढं लिहिलं.

तेव्हा हौसाबाई बोलल्या. त्या म्हणाल्या, नाव बदलता येणार नाही, कागद देवापुढं गेला आहे.

स्वप्निलनं आईला समजावलं. अगं, ते मॉकअप आहे. मॉकअप म्हणजे खोटं, दाखवण्यापुरतं. खरी वेबसाइट नंतर होते.

“खोट्याले हळद कोन लावते?” हौसाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी शालिग्रामकडं पाहिलं.

सगळ्यांनीच पाहिलं. शालिग्रामनं आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं. तर्जनीच्या नखात पिवळं अजून होतं. आता त्याला तो खण आठवला, डबी आठवली. त्याला कळलं की दोन वाटा आहेत. गप्प बसलं तर नाव राहतं, पण एका खोट्या मळ्याची खोटी मालकीण म्हणून राहतं. आणि सवय होती म्हटलं तर देवाची प्रत पुन्हा कच्चं होते, आणि नाव जातं.

“सवयीनं लागली काकू,” तो म्हणाला. “छापखान्यात होतो. हात गेला. ते कच्चंच हाये, तुमी नाव बदलू शकता.”

उत्तमराव म्हणाले, झालं तर मग. स्वप्निल मोबाइल खिशात ठेवू लागला. हौसाबाईंनी हातातली मेथी खाली ठेवली.

“मले एक सांगा भाऊ. हे सोपटाचं तुमाले कसं माहीत? हे पाह्यल्याबिगर लिहिता येत नाई.”

शालिग्रामनं वही मिटली.

“कोन व्हय चतुराबाई?”

“माही माय.”

मग शालिग्रामनं सांगितलं. फार नाही. इंझोरीहून येणं, कारंज्याचा बाजार, दगड. ती कुणाच्या मळ्यावरून भाजी उचलायची, तेही त्याला नक्की माहीत नव्हतं. या अंगाच्या कुठल्यातरी. मळा तिचा कधी नव्हता, तेवढं मी खोटं लिहिलं, असं तो म्हणाला. पत्रिकेची गोष्ट त्यानं सांगितली नाही.

हौसाबाईंनी मेथीचा ढीग बाजूला सारला. त्यांच्या लग्नानंतरची पहिली वीस वर्षं तरी, त्या सांगू लागल्या, उजाडायच्या आत सात-आठ बाया बांधावर येऊन बसायच्या. भाजी त्या तोडायच्या नाहीत, घेऊन जायच्या. हौसाबाई टोपल्या भरून द्यायच्या. एकीच्या टोपलीला लाल काठ होता. एक डोळ्यानं अधू होती. एक सोपट मागून न्यायची, बांधावरच्या केळीचं. ती हीच की दुसरी, त्या सांगू शकत नव्हत्या.

“नाव कोनाचंच इचारलं नाई मी,” त्या म्हणाल्या. “‘ओ बाई’ म्हटलं का भागे. आन् तू म्हनतं, माहं नाव टाक तिच्या जागी.” हे त्या स्वप्निलला म्हणाल्या. “मी कवा बसली बाजारात? लोक हासतीन.”

उत्तमराव म्हणाले, मग ते सगळंच काढून टाका, गटाची साधी माहिती द्या. त्यात चूक काहीच नव्हती. पण हौसाबाई नाही म्हणाल्या. मळ्याचं पान मळेवाल्यांचं. आमची नावं तिथं घाला, अकराच्या अकरा. आणि तिचं पान तिचं राहू द्या, मळा काढून. भाजी आमच्या बांधावरून गावात कुणी नेली, त्या बायांचं ते पान. स्वप्निलनं विचारलं, त्या बायांची नावं कुठून आणायची? हौसाबाईंनी आठवून पाहिलं. लाल काठ आठवला, डोळा आठवला. नाव एकही येईना.

“एक वच्छला होती,” उत्तमराव खुर्चीवरून म्हणाले.

हौसाबाईंनी वळून पाहिलं. “तुमाले बरी आठोते.”

गटातली मंडळी एवढी हसली की उत्तमरावांना चष्मा काढून पुसावा लागला. ती पालक नेई, एवढंच, ते म्हणाले, पालक. पण त्यानंतर ते कुणाच्या डोळ्याला डोळा देईनात आणि पान ठरलं ते ठरलंच.

निघताना शालिग्रामनं पहिला कागद मागितला. त्यावर ‘नमुना’ असा शिक्का मारायचा राहिला होता, तो मारून ठेवतो म्हणाला. हौसाबाई देवघरात गेल्या आणि रिकाम्या हातानं परत आल्या.

“थो राहू दे तिथंच,” त्या म्हणाल्या. “सवयीनं का असंना, तू तिले हळद लावली ना रे.”

तो ‘तुमी’चा ‘तू’ कधी झाला, हे शालिग्रामला रस्त्यात उमगलं. आणि आणखी एक गोष्ट उमगली. ज्या आईचं नाव हळदीच्या कागदावर घालायचं नसतं म्हणून त्यानं घातलं नव्हतं, तिचं नाव आज हळद लागून एका देवापुढं होतं. हे घडवून आणायचं तर त्याला जमलं नसतं. चुकीनंच झालं होतं. पत्रिकेवर दाखवलेलं बोटही चुकीनं गेलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. ते तर त्यानं नीट पाहून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो नवं कच्चं करायला बसला. बटणं हिरवी केली. नंबर वर नेला. भाज्यांच्या पानावर कोथिंबीर घातली. बायांच्या पानावर सांबार तसंच ठेवलं, ते आईचं होतं. मळेवाल्यांची अकरा नावं आली होती, ती त्यानं पट्टी धरल्यासारखी एका रेषेत लावली. मग बायांचं पान. सात-आठ म्हणाल्या होत्या, म्हणून त्यानं आठ चौकटी आखल्या. पहिल्या चौकटीत चतुराबाई लिहिलं. पुढं कुणाची आई, कुणाची बायको काहीच लिहिलं नाही. दुसरीत वच्छला.

उरलेल्या सहा चौकटींपाशी तो थांबला. खोटी नावं सुचत होती. बावीस वर्षांत हजारो नावं हाताखालून गेली होती, त्यांतली सहा काढणं अवघड नव्हतं. पान भरलेलं दिसलं असतं, स्वप्निलला आवडलं असतं. शालिग्रामनं तिसऱ्या चौकटीत टाइप केलं, ‘इथे नाव येईल’. मग चौथीत. मग आठवीपर्यंत. आजवर हे वाक्य त्याला लिहवत नव्हतं, कारण ते पत्रिकेवरच्या त्या शब्दासारखं टाळाटाळीचं वाटे. आज वाचलं तर ते नुसतं खरं होतं. पान चालू झाल्यावर हेच असं राहू द्यायचं, असं तो स्वप्निलला सांगणार होता. कुणी वाचेल, कुणाला आपल्या आजीची टोपली आठवेल. किंवा नाही आठवणार. जागा तर राहील.

त्यानं जाड कागदावर छापून घेतलं. कडा तपासल्या. हात खणाकडं गेला, खण उघडला, डबीवर बोट टेकलं.

शालिग्रामनं खण लावून घेतला. सहा नावं यायची होती. अजून कच्चं होतं.